होगार्थचा संतप्त पाद्री

इंग्लंडचा अठराव्या शतकाचा सामाजिक इतिहास ज्यांनीं सचित्र पुस्तकांतून वाचला आहे त्यांच्या दृष्टीखालून विल्यम होगार्थ या चित्रकाराचें एक चित्र बहुधा गेलेंच असेल. एका प्रार्थनामंदिरांत उंच व्यासपीठावर एक पाद्री उभा आहे. त्याचे दोन्ही हात वर गेले आहेत, तोंड वासलेलें आहे, आणि संतापाच्या भरांत डोक्यावरचा केसांचा टोप उडाला आहे. खालीं श्रोतृवर्गांत कोणी रडत आहे, कोणी मूर्च्छित पडत आहे, कोणी भयानें डोळे पांढरे करून बसला आहे. हें चित्र ताम्रपटावर कोरून १५ मार्च १७६२ रोजीं लंडन येथें प्रसिद्ध झालें. त्याच्या नांवाचें भाषांतर 'भोळेपणा, भ्रमसमजूत आणि धर्मवेड' असें करतां येईल. त्यापुढें होगार्थनें 'एक खिचडी' अशा अर्थाचें उपनांवहि जोडलें आहे. पुस्तकांत हें चित्र छापतात तेव्हां त्याखालीं बहुधा एकच ओळ असते: मेथॉडिस्टांची प्रार्थनासभा. ही ओळ वाचून विद्यार्थी समजतो कीं, होगार्थ एके दिवशीं अशा सभेला गेला, तेथें त्यानें जें पाहिलें तें काढलें, आणि आपण आतां त्या सभेंत बसलों आहों. आमच्या मतें ही समजूत टाकून दिल्याखेरीज या चित्राचा अर्थच लागत नाहीं. चित्र म्हणजे एक फिर्याद आहे. आणि फिर्याद वाचतांना फिर्यादी कोण, त्याचा राग मुळांत कोणावर, हें आधीं विचारावें लागतें.

प्रथम चित्र नीट पाहूं. पाद्र्याच्या एका हातांत केरसुणीवर बसलेल्या चेटकिणीची बाहुली आहे, दुसऱ्या हातांत सैतानाची. सैतानाजवळ पापी जीव भाजावयाची लोखंडी जाळी आहे. व्यासपीठाच्या कडेला आणखी तीन भुतांच्या बाहुल्या टांगून ठेवल्या आहेत. या दोघींचा खेळ संपला कीं त्या काढावयाच्या! तीनहि भुतें त्या वेळच्या इंग्रजांच्या ओळखीचीं आहेत: ब्रूटसला दिसलेला ज्यूलियस सीझर, सर जॉर्ज व्हिलिअर्स, आणि कँटरबरीस दिसलेली मिसेस व्हील. पाद्र्याचा काळा झगा पुढून उघडा पडला असून आंत विदूषकाचा ठिगळांचा अंगरखा दिसतो. टोप निघाल्यामुळें डोक्याचा मधला भाग दिसतो, तो कॅथलिक संन्याशाप्रमाणें वस्तऱ्यानें गुळगुळीत केलेला आहे. समोरच्या उघड्या ग्रंथांत पौलाच्या पत्रांतील, आपण मूर्खासारखें बोलत आहों अशा अर्थाचें वचन वाचतां येतें. आवाज श्रोत्यांकडे परतावा म्हणून व्यासपीठावर जी लाकडी छत्री असते ती त्याच्या गर्जनेनें तडकलेली आहे.

व्यासपीठाजवळ आवाज मोजण्याची एक पट्टी टांगली आहे. ती स्वाभाविक स्वरापासून सुरू होऊन बैलाच्या डुरकणीपर्यंत चढत जाते, आणि तिच्यावर व्हाइटफील्ड या प्रसिद्ध उपदेशकाचें नांव अर्धवट अक्षरांत, पण सर्वांस कळेल असें कोरलें आहे. गायकाच्या मेजावर त्याच व्हाइटफील्डच्या स्तोत्रसंग्रहाचा कागद आहे. छताला नरकाचा एक नवा, बिनचूक नकाशा गोलाच्या रूपानें टांगला आहे. तो रोमेन नांवाच्या दुसऱ्या एका उपदेशकाची कृति असल्याचें सुचविलें आहे. एका कोपऱ्यांत मोठा उष्णतामापक उभा आहे. तो एका मेंदूंत रोवलेला असून त्याच्या बुडाशीं दोन पुस्तकें आहेत: वेस्लीचीं प्रवचनें आणि ग्लॅनव्हिल याचा चेटकाविषयींचा ग्रंथ. पारा कोमट अवस्थेंतून वर चढला तर प्रेम, काम, तंद्री, आंचके, वेड अशा पायऱ्या लागतात. खालीं उतरला तर खिन्नता, दुःख, निराशा, वेड, आणि शेवटीं आत्महत्या. वर जा कीं खालीं जा, वेड लागावयाचेंच. गरिबांसाठीं ठेवलेली दानपेटी नीट पाहिली तर तो उंदीर धरण्याचा सांपळा आहे. आणि खिडकीबाहेर एक तुर्क लांब नळीची चिलीम ओढीत हा सर्व प्रकार स्वस्थपणें पाहत आहे.

होरेस वॉलपोल या चोखंदळ टीकाकारानें उपयुक्त आणि खोल उपहासाच्या दृष्टीनें होगार्थच्या सर्व कृतींत या चित्राला पहिलें स्थान दिलें आहे. आम्ही तितकें देणार नाहीं. चित्रांत गर्दी फार आहे. एका हशाच्या पाठीवर दुसरा हशा उभा आहे, आणि पाहणाऱ्याची नजर कोठेंच विसावत नाहीं. परंतु होगार्थसारखा रचनाकुशल माणूस अशी गर्दी करतो तेव्हां तिचें कारण शोधलें पाहिजे.

होगार्थनें याच ताम्रपटावर आधीं एक निराळें चित्र कोरलें होतें, त्याविषयीं पुढें सांगूंच. त्या पहिल्या चित्राच्या नांवांत 'एन्थुझिॲझम' हा शब्द होता. आज इंग्रजी शिकलेला कोणीहि त्याचा अर्थ उत्साह असा करील. अठराव्या शतकांतील इंग्रज सभ्य गृहस्थाच्या तोंडीं तो शब्द शिवीच्या जवळपास असे. मूळ ग्रीक व्युत्पत्तीनें त्याचा अर्थ देव आंत असणें असा आहे. मराठींत त्याला 'अंगांत येणें' याहून चांगला प्रतिशब्द आम्हांस सुचत नाहीं. देव आपल्याशीं मध्यस्थावांचून बोलतो, असें म्हणणाऱ्या माणसाचें इंग्लंडला भय वाटे, आणि तें भय अकारण नव्हतें. सतराव्या शतकाच्या मध्यावर अशाच ईश्वरी प्रेरणेचा दावा करणाऱ्या लोकांच्या हातीं तलवार आली होती आणि १६४९ सालीं त्यांनीं राजाचें डोकें उडविलें होतें. त्या यादवीनंतर इंग्लंडच्या राजमान्य चर्चनें जो धडा घेतला तो असा कीं, धर्म माफक असावा, प्रवचन समंजस असावें, आणि अंगांत कोणाच्याहि येऊं नये.

या धड्याचा परिणाम काय झाला तेंहि होगार्थनेंच काढून ठेवलें आहे. ऑक्टोबर १७३६ मध्यें त्यानें 'झोपलेली मंडळी' नांवाचें चित्र प्रसिद्ध केलें. तेथेंहि व्यासपीठ आहे आणि पाद्री आहे. हा पाद्री पुस्तकांत नाक खुपसून एका सुरांत वाचीत आहे आणि सर्व सभा घोरत आहे. व्यासपीठाखालचा कारकून तेवढा अर्धवट जागा आहे, आणि त्याची तिरपी नजर जवळच झोपीं गेलेल्या एका तरुणीच्या वक्षःस्थळावर आहे. पाद्री ज्या वचनावर निरूपण करीत आहे तें भारानें दमलेल्यांना विश्रांति देण्याविषयींचें आहे. श्रोत्यांनीं तें अक्षरशः मानलें आहे. हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. एकींत कोणी जागा नाहीं, दुसऱ्यांत कोणी शुद्धीवर नाहीं. मधल्या सव्वीस वर्षांत इंग्लंडांत जें घडलें त्याचें नांव मेथॉडिस्ट चळवळ.

त्या चळवळीचे दोन अग्रणी, जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड, दोघेहि ऑक्सफर्डचे विद्यार्थी आणि राजमान्य चर्चचेच दीक्षित पाद्री. वेस्ली तर लिंकन कॉलेजचा फेलो, तर्कशास्त्र जाणणारा, दिनचर्येचा तासातासाचा हिशेब ठेवणारा. फेब्रुवारी १७३९ मध्यें व्हाइटफील्ड ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथें कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांपुढें उघड्यावर उभा राहून बोलला. पहिल्या दिवशीं दोनशेंच्या आसपास माणसें होतीं. थोड्याच दिवसांत ती संख्या हजारांवर गेली. त्याला प्रथम परिणाम दिसला तो त्या मजुरांच्या गालांवर: कोळशानें काळ्या झालेल्या चेहऱ्यांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरत होते. हें वर्णन त्याचें स्वतःचें आहे, तेव्हां त्याला त्याच्या बाजूची साक्ष मानलें पाहिजे. पण साक्ष खोटी ठरविण्यासारखेंहि कांहीं आढळत नाहीं. त्याच वर्षीं २ एप्रिल रोजीं वेस्लीनेंहि मोठ्या संकोचानें उघड्यावर बोलण्यास आरंभ केला.

आतां होगार्थच्या आवाजाच्या पट्टीकडे वळूं. व्हाइटफील्डचा आवाज खरोखर प्रचंड होता, आणि सुदैवानें तो मोजणारा दुसरा एक माणूस त्याच काळांत होऊन गेला. बेंजामिन फ्रँक्लिन हा तेव्हां अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें छापखाना चालवीत होता. धर्माच्या बाबतींत तो होगार्थपेक्षां अधिक थंड होता. व्हाइटफील्ड न्यायमंदिराच्या पायऱ्यांवरून बोलत असतां फ्रँक्लिन रस्त्यानें नदीच्या दिशेस मागें मागें सरकत गेला आणि शब्द कोठपर्यंत स्पष्ट ऐकूं येतात तें त्यानें पाहिलें. मग तेवढ्या अंतराची त्रिज्या धरून अर्धवर्तुळ कल्पिलें, प्रत्येक श्रोत्यास दोन चौरस फूट जागा दिली, आणि हिशेब काढला कीं तीस हजारांहून अधिक माणसांना हा आवाज पोंचेल. प्राचीन सेनापति सैन्यापुढें भाषणें करीत, ह्या इतिहासांतील गोष्टींवर आपला पूर्वीं विश्वास नव्हता, तो यामुळें बसूं लागला, असेंहि तो सांगतो. होगार्थची पट्टी आणि फ्रँक्लिनचीं पावलें, दोन्हीं मापें एकाच आवाजाचीं. एकानें तो बैलाच्या डुरकणीशीं नेऊन ठेवला; दुसऱ्यानें शब्द स्पष्ट ऐकूं येत होते, हें नोंदलें. बैलाचे शब्द स्पष्ट ऐकूं येत नसतात.

डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ नट, आणि होगार्थचा जिवलग मित्र. व्हाइटफील्डसारखा नुसता 'ओ' उच्चारतां यावा म्हणून आपण शंभर गिनी देऊं, असें तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती, परंतु नाटकवाल्यांना या पाद्र्यांत आपला प्रतिस्पर्धी दिसत होता, याला अधिक भक्कम पुरावा आहे. सॅम्युएल फूट यानें १७६० सालीं 'द मायनर' या नाटकांत त्याला डॉक्टर स्क्विंटम, म्हणजे डॉक्टर तिरळे, या नांवानें रंगभूमीवर आणलें. व्हाइटफील्डचा एक डोळा लहानपणच्या गोंवरानें तिरवा झाला होता! होगार्थच्या चित्रांत पाद्र्याच्या झग्याखालीं विदूषकाचा वेष निघतो, त्यांत नाट्यगृहाचा हा मत्सर थोडा मिसळलेला असावा.

वेस्लीचा प्रकार आणखी उद्बोधक आहे. तो सावकाश आणि शांतपणें बोले. पुढें १७७५ सालीं आपल्या एका तरुण सहकाऱ्याला त्यानें पत्रांतून सक्त ताकीद दिली कीं, किंचाळणें अजिबात बंद कर. त्यांत आत्म्याचाच नाश आहे. आणि तरीहि १७३९ सालीं ब्रिस्टल येथें माणसें जमिनीवर पडून आंचके देऊं लागलीं तीं मुख्यतः या शांत माणसाच्या प्रवचनांत, गर्जणाऱ्या व्हाइटफील्डच्या नव्हे. ही गोष्ट त्या दोघांनाहि कोड्यांत टाकणारी होती. होगार्थच्या चित्रांत मात्र हिशेब सोपा आहे: वरून ओरडा, खालीं आंचके. कारण आणि कार्य त्यानें एका दोरीनें बांधून टाकलें. इतिहासांत ती दोरी सांपडत नाहीं. कोळशाच्या खाणींत बारा-बारा तास घालविणाऱ्या, ज्यांच्याशीं कोणी सुशिक्षित माणूस त्यांच्या आत्म्याविषयीं कधींच बोलला नव्हता अशा लोकांना, तूं सुद्धां देवाच्या हिशेबांत आहेस, हें वाक्य हळू आवाजांत सांगितलें तरी पुरेसें होतें, असें आम्हांस वाटतें.

कॅथलिक मुंडणाची खूणहि अशीच तपासून पाहिली पाहिजे. मेथॉडिस्ट हे पोपचे गुप्त हस्तक आहेत, हा आरोप होगार्थचा स्वतःचा नव्हे. तो वीस वर्षें बाजारांत फिरत होता. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या वंशजानें १७४५ सालीं स्वारी केली त्या सुमारास गांवोगांव हिंडणाऱ्या या उपदेशकांवर शत्रूचे हेर म्हणून संशय घेण्यांत आला. पुढें एक्झीटरचा बिशप जॉर्ज लॅव्हिंग्टन यानें मेथॉडिस्ट आणि पोपपंथी यांच्या अंगांत येण्याची तुलना करणारें एक जाडें पुस्तक १७४९ पासून हप्त्याहप्त्यानें काढलें. होगार्थनें त्या पुस्तकाचें सार एका उडालेल्या टोपांत आणलें, हें त्याचें कौशल्य निर्विवाद आहे. परंतु कौशल्यानें आरोप खरा होत नाहीं. वेस्लीच्या आणि रोमच्या शिकवणींत जें अंतर होतें तें लॅव्हिंग्टनलाहि ठाऊक असलें पाहिजे.

मग श्रोतृवर्गांतील चमत्कारांची तारीखवार झडती घ्यावी. समोरच एक बाई खालीं पडली आहे आणि तिच्या झग्याखालून ससे पळत आहेत. ही गोडाल्मिंगची मेरी टॉफ्ट. आपण सशांना जन्म देतों, असें तिनें १७२६ सालीं भासविलें, आणि राजघराण्याचा शस्त्रवैद्य सुद्धां त्याला फसला. होगार्थनें त्याच वर्षीं तिच्यावर एक चित्र काढून वैद्यांची टर उडविली होती. तिच्या शेजारीं एक मुलगा तोंडांतून खिळे ओकत आहे. तो बिल्स्टनचा मुलगा, सन १६२०. उष्णतामापकाच्या माथ्यावर टेडवर्थचा ढोल वाजविणारा आहे; तो १६६० नंतरच्या दोनतीन वर्षांतला. मिसेस व्हीलचें भूत १७०५ सालचें. मेथॉडिस्ट चळवळ सुरू झाली १७३९ मध्यें! म्हणजे या प्रार्थनामंदिरांत मेथॉडिस्टांच्या डोक्यावर थोपलेल्या बहुतेक लबाड्या त्यांच्या जन्मापूर्वींच्या आहेत. आणि बिल्स्टनच्या मुलाच्या अंगचा सैतान काढावयाला गेले होते ते कॅथलिक पाद्री होते.

एकच चमत्कार ताजा आहे. उष्णतामापकावर ढोलकऱ्याजवळ हातोडा घेतलेलें एक भूत आहे, आणि श्रोत्यांच्या हातांत त्याच भुताच्या छोट्या मूर्ति आहेत. एक तरुण तर ती मूर्ति एका मुलीच्या चोळींत सोडीत आहे. हें कॉक लेनचें भूत. चित्र निघाण्यापूर्वीं अवघे दोन महिने, जानेवारी १७६२ मध्यें, लंडनच्या कॉक लेन नांवाच्या गल्लींत रिचर्ड पार्सन्स याच्या घरीं रात्रीं ठोकल्याचे आणि ओरबाडल्याचे आवाज येऊं लागले. त्याच्या लहान मुलीच्या बिछान्याभोंवतीं ते येत. फॅनी नांवाच्या मृत स्त्रीचा तो आत्मा असून, आपल्याला विल्यम केंट यानें विष घातलें, असें तो ठोक्यांच्या खुणेनें सांगे. केंटचें आणि पार्सन्सचें पैशावरून भांडण होतें. सगळें लंडन त्या गल्लींत लोटलें. १ फेब्रुवारीच्या रात्रीं एक चौकशी-मंडळ तेथें गेलें, त्यांत डॉ. सॅम्युएल जॉन्सन होते. मध्यरात्रीनंतर मंडळ चर्चच्या तळघरांत फॅनीच्या शवपेटीपाशींहि जाऊन आलें. भूत बोललें नाहीं. पार्सन्स पुढें त्याच वर्षीं न्यायालयांत दोषी ठरला. ज्या पाद्र्यानें या भुताला आधार दिला त्याचा ओढा मेथॉडिस्टांकडे होता, हें खरें. शिवाय वेस्लीच्या बापाच्या घरीं १७१६ च्या हिवाळ्यांत असेच आवाज येत, ते खरे होते असें वेस्ली जन्मभर मानी. आणि चेटकावरचा विश्वास सोडणें म्हणजे बायबल सोडण्यासारखेंच आहे, असा अभिप्राय त्यानें १७६८ सालीं रोजनिशींत लिहून ठेवला. चेटकाचा कायदा रद्द होऊन तेव्हां बत्तीस वर्षें झालीं होतीं. तेव्हां होगार्थचा बाण सर्वस्वीं हवेंत गेला असें आम्ही म्हणत नाहीं. वेस्लीच्या पुस्तकाशेजारीं ग्लॅनव्हिलचें पुस्तक ठेवण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

पण मग ससे, खिळे, ढोल आणि सीझर यांची भरताड कशाला? याचें उत्तर त्या ताम्रपटाच्या पहिल्या अवस्थेंत आहे. वर उल्लेखिलेलें पहिलें चित्र होगार्थनें १७६० किंवा १७६१ च्या सुमारास पूर्ण केलें होतें. त्याचे अगदीं थोडे छाप उरले आहेत. व्यासपीठ तेंच, पाद्री तोच, टोप तसाच उडालेला. परंतु बाहुल्या निराळ्या! पाद्र्याच्या हातांत चेटकिणीऐवजीं ईश्वराचें त्रिमूर्तिरूप आहे, तेंहि राफाएलच्या धर्तीचें. कठड्यावरच्या बाहुल्या ड्यूरर, रेम्ब्रांट यांच्या चित्रांतून उचललेल्या आहेत. श्रोते भुताच्या नव्हे, ख्रिस्ताच्या मूर्ति कवटाळीत आणि चावीत आहेत. समोर पडलेली बाई मेरी टॉफ्ट नसून कोव्हेंट गार्डनची कुंटणखानेवाली मदर डग्लस आहे. खालच्या मजकुरांत होगार्थनें आपला हेतु सांगितला होता: पवित्र वस्तूंविषयीं हीन आणि शब्दशः कल्पना केल्याचे काय परिणाम होतात, आणि चर्चमधील चित्रांमुळें मूर्तिपूजेकडे कसा कल होतो, तें दाखवावें. चित्र कँटरबरीच्या आर्चबिशपला अर्पण केलें होतें. मित्रांनीं सावध केलें म्हणून असो, किंवा ख्रिस्ताच्या मूर्ति चघळणारे श्रोते पाहून लोक आपल्यालाच पाखंडी म्हणतील ही जाणीव झाली म्हणून असो, होगार्थनें तें चित्र प्रसिद्ध केलें नाहीं. ताम्रपट घासला, ईश्वराच्या जागीं चेटकीण बसविली, ख्रिस्ताच्या जागीं कॉक लेनचें भूत बसविलें, मदर डग्लसच्या जागीं जुनी मेरी टॉफ्ट आणली. खिचडी ती अशी झाली. रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठीं हाताशीं जें सांपडलें तें त्यानें घातलें.

पहिल्या चित्राचा रोख कोणावर होता, हें आतां उघड होतें. मेथॉडिस्ट त्यांत होते, पण त्यांच्या मागें होगार्थचे जन्माचे वैरी उभे होते: परदेशी जुन्या चित्रकारांची आरती करणारे इंग्रज रसिक. इटलीहून आलेल्या काळवंडलेल्या धर्मचित्रांना मोल द्यावें आणि घरच्या चित्रकाराला उपाशी ठेवावें, या रीतीविरुद्ध तो १७३७ पासून वर्तमानपत्रांत लिहीत होता. १७५८ सालीं 'सिगिस्मुंडा' नांवाचें एक चित्र कोरेज्जोचें म्हणून चारशेंहून अधिक पौंडांना विकलें गेलें. तें कोरेज्जोचें नव्हतें. होगार्थनें ईर्षेनें त्याच विषयावर चित्र काढलें आणि तितकीच किंमत मागितली. ज्यानें तें काढावयास सांगितलें होतें त्या सर रिचर्ड ग्रोव्हनरनें तें घेतलें नाहीं. १७६१ च्या प्रदर्शनांत तें ठेवलें तेव्हां लोकांनीं टर उडविली आणि होगार्थला तें काढून घ्यावें लागलें. त्याला तेव्हां त्रेसष्ट वर्षें झालीं होतीं. राफाएलची त्रिमूर्ति पाद्र्याच्या हातांतील कळसूत्री बाहुली करणारा माणूस हा आहे. व्यासपीठावरील चेहऱ्यावर जो क्रोध आपण पाहतों तो किंग्जवुडच्या माळावर कोणी पाहिल्याचें लिहिलेलें नाहीं. लीस्टर फील्ड्समधील चित्रकाराच्या घरांत मात्र तो त्या वर्षीं पुरेसा होता.

खऱ्या सभांतहि क्रोध होता, पण तो श्रोत्यांच्या पाठीमागून येई. ऑक्टोबर १७४३ मध्यें वेडन्सबरी येथें जमावानें वेस्लीला धरून या न्यायाधीशाकडून त्या न्यायाधीशाकडे ओढीत नेलें. मेथॉडिस्टांचीं घरें फोडलीं, सामान लुटलें. व्हाइटफील्डचा सोबती विल्यम सीवर्ड याला वेल्सच्या सीमेवरील हे या गांवीं उपदेश करतांना डोक्यास मार लागला आणि तो १७४० सालीं त्यानें मेला. जमावाला चिथावणी देणारे पुष्कळदां स्थानिक जमीनदार आणि राजमान्य चर्चचे पाद्रीच असत. होगार्थच्या चित्रांत खिडकीबाहेर एकटा तुर्क शांतपणें धूर सोडीत आहे. प्रत्यक्षांत त्या खिडकींतून दगड येत होते.

या चळवळीची लाट पुढें समुद्रापार गेली, हें आपल्या वाचकांस सांगणें नको. तिनेंच इंग्लंडांतील निरनिराळ्या पंथांत परदेशीं धर्मप्रसार करण्याची हौस उत्पन्न केली. आणि त्या हौशीनें बंगालमध्यें आलेल्या विल्यम केरी या बॅप्टिस्ट पाद्र्यानें सेरामपूर येथें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें. त्याच्या धर्मप्रसाराविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. आमच्या भाषेच्या अभ्यासकाला तें पुस्तक वगळून पुढें जातां येत नाहीं.

होगार्थचें चित्र अन्यायाचें आहे एवढ्यावरच आम्ही थांबलों असतों तर व्हाइटफील्डचा आम्ही फुकट कैवार घेतला असें झालें असतें. त्याच्यावर एक आरोप खरोखर लागू होता. तो चित्रांत नाहीं. त्याचें सूत्र त्या उंदराच्या सांपळ्यांत, म्हणजे दानपेटींत आहे. जॉर्जिया वसाहतींत सव्हाना गांवाजवळ 'बेथेस्डा' नांवाचें अनाथगृह व्हाइटफील्डनें १७४० सालीं उभारलें आणि त्यासाठीं तो दोन्ही खंडांत झोळी फिरवीत होता. फ्रँक्लिनचें म्हणणें, सामान आणि कामगार नसलेल्या जॉर्जियांत घर बांधण्यापेक्षां फिलाडेल्फियांत बांधून मुलांना इकडे आणावें. व्हाइटफील्डनें ऐकलें नाहीं, म्हणून कांहीं द्यावयाचें नाहीं असा निश्चय करून फ्रँक्लिन प्रवचनाला गेला. खिशांत थोडीं तांब्याचीं नाणीं होतीं, तीनचार रुप्याचे डॉलर होते, आणि पांच सोन्याचीं नाणीं. प्रवचन रंगूं लागलें तेव्हां त्याला वाटलें, तांबें द्यावें. आणखी थोडें पुढें गेल्यावर तांब्याची लाज वाटून रुपें द्यावेंसें वाटलें. आणि शेवट असा झाला कीं, ताटांत सगळा खिसा, सोन्यासुद्धां, रिता करून तो घरीं आला. ही गोष्ट फ्रँक्लिननें स्वतःवर हंसत सांगितली आहे, आणि आम्ही ती वर्गांत सांगतों तेव्हां विद्यार्थीहि हंसतात.

ज्या अनाथगृहासाठीं तें सोनें गेलें त्याचा पुढचा हिशेब हंसण्यासारखा नाहीं. जॉर्जिया वसाहतींत आरंभीं गुलाम ठेवण्यास कायद्यानें बंदी होती. व्हाइटफील्डनें पूर्वीं गुलामांच्या मालकांना त्यांच्या क्रूरपणाबद्दल उघड पत्र लिहून फटकारलें होतें. पण बेथेस्डाचा खर्च भागेना, तेव्हां त्यानें १७४७ सालीं शेजारच्या साउथ कॅरोलायनांत, जेथें बंदी नव्हती तेथें, मळा आणि गुलाम घेतले, आणि जॉर्जियांतील बंदी उठावी म्हणून खटपट केली. १७५१ मध्यें ती उठली. उष्ण देशांत निग्रोंवांचून शेती व्हावयाची नाहीं, असें त्याचें समर्थन. वेस्लीनें १७७४ सालीं गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, तेव्हां हें समर्थन त्यानें समूळ खोडून काढलें. परंतु व्हाइटफील्ड तोंपर्यंत हयात नव्हता. होगार्थला हें सर्व माहीत असण्याची सोय होती. लंडनच्या वर्तमानपत्रांत वसाहतीच्या बातम्या येत, आणि त्याच्या स्वतःच्या चित्रांत श्रीमंतांच्या घरचीं निग्रो पोरें चहाचें भांडें घेऊन उभीं आहेत. पण त्याला आवाज ऐकूं आला, टोप दिसला, डोळा दिसला. सांपळा त्यानें काढला, आंत कोण सांपडलें आहे तें पाहिलें नाहीं.

व्हाइटफील्ड १७७० सालीं अमेरिकेंत न्यूबरीपोर्ट येथें वारला. त्याच्या मृत्युपत्रांत बेथेस्डाच्या इमारती, जमिनी, ग्रंथ आणि सामानसुमान यांच्या बरोबरीनें तेथील निग्रो गुलामांचीहि गणना आहे. तें सर्व त्यानें हंटिंग्डनच्या धर्मशील उमरावपत्नीच्या स्वाधीन केलें. होगार्थला मरून तेव्हां सहा वर्षें होत आलीं होतीं.